ओल्या गाडीतली टकटक

उमरग्याला एका लॅबमध्ये मी रक्त तपासायचं काम करते. आमचं गाव माकणीच्या धरणाच्या अलीकडं. येणंजाणं आधी एसटीनं व्हायचं, पण उपाशीपोटी येणाऱ्या पेशंटसाठी लॅब सकाळी लवकर उघडावी लागते, आणि एसटीला त्याचं काही देणंघेणं नसतं. म्हणून वडील गेल्यावर दुसऱ्या वर्षी मी एक जुनी पांढरी गाडी घेतली. घरात मी आणि आई, दोघीच. गाडी लावायला अंगणात जागा होती ती लिंबाच्या झाडाखाली. सावली आहे, तापणार नाही, एवढाच विचार केला.

त्या वर्षी भाद्रपदात पावसानं नुसता ठिय्या मांडला. एके सकाळी गाडीत बसले तर पायाखालचं कार्पेट पचपच वाजलं. काच रात्री उघडी राहिली असेल असं वाटून मी तिथं वर्तमानपत्रं अंथरली. दोन दिवसांत गाडीला भिजलेल्या पोत्याचा वास यायला लागला. काचा आतून धुरकट व्हायच्या. मग एकदा लोहाऱ्याच्या रस्त्याला, कोरड्या उन्हात, वायपर आपोआप फिरला. एकदाच. कर्रर्र करत काचेवरून गेला आणि जागेवर येऊन बसला. मी हात लावला नव्हता.

त्यानंतर दारांची लॉकं वाजायला लागली.

ज्यांच्या गाडीला असलं लॉक असतं त्यांना तो आवाज माहीत असेल. एक बटण दाबलं की चारी दारं एकदम बंद होतात, टक्. आमच्या गाडीत ते कुणी न दाबता व्हायला लागलं, आणि चारी दारांना एकदम नाही. कधी पुढच्या, कधी मागच्या. गाडी चालवताना पाठीमागं टक् झालं की माझी मान आखडायची. कुणीतरी मागं बसलंय आणि उतरायला बघतंय, असं वाटायचं. आरशात रिकामं सीट दिसायचं, तरी मी पुन्हा पुन्हा बघायची.

रविवार होता. दुपारी पाऊस उघडला होता आणि मी पडवीत केस वाळवत बसले होते. अंगणात गाडी उभी होती, किल्ली आत खुंटीवर. तेवढ्यात आवाज आला. टक्. थोडं थांबून टक टक. मी वर बघितलं तर आई गाडीच्या मागच्या दाराशी उभी. हातात सूप तसंच, त्यातली तूर खाली सांडत होती आणि तिचं लक्ष नव्हतं.

"तुला ऐकू येतंय का गं?" तिनं विचारलं.

"येतंय की."

"खरंच येतंय?"

"अगं, लॉक वाजतंय. वायरिंग ओली झाली असेल."

तिनं पुढचं ऐकलंच नाही. माझ्याकडं बघत राहिली. तिचा चेहरा मला कळेना. भ्यालेला नव्हता. खूप दिवस हरवलेली वस्तू दुसऱ्याच्या हातात दिसल्यावर माणूस जसं बघतं, तशी ती बघत होती.

इथं थोडं मागचं सांगायला पाहिजे. आमचं आताचं गाव हे मूळ गाव नव्हे. भूकंपानंतर सरकारनं वसवलेलं हे गाव, सरळ गल्ल्यांचं, एकसारख्या घरांचं. जुनं गाव ओढ्यापलीकडं होतं. गणपती बोळवून लोक झोपले होते आणि पहाटेच्या अंधारात दगडमातीची घरं खाली आली. मी त्यानंतर दोन वर्षांनी जन्मले. माझ्याआधी एक मुलगी होती, सहा वर्षांची, ती त्यात गेली, एवढं मला माहीत होतं. कशी, कुठं, हे नाही. लहानपणी एकदा वडिलांना विचारलं होतं. ते म्हणाले, "झोपेतच गेली. तिला काही कळलं नाही." आमच्याकडं प्रत्येक घरात असं कुणी ना कुणी आहे, त्यामुळं कुणी कुणाला जास्त विचारत नाही.

आमच्या घरात दार वाजवायची पद्धत नव्हती. बाहेरून आलेल्यानं हाक मारायची. पोस्टमन, पाहुणा, मी स्वतः, सगळ्यांनी. एकदा शाळेतल्या मैत्रिणीनं कडी वाजवली तर आई मोरीतून धावत आली, हात राखेचे, आणि तिला दारातच म्हणाली, "तोंड न्हाय का तुला?" ती मैत्रीण पुन्हा आमच्या घरी आली नाही. मला वाटायचं, आईचा स्वभावच तसा.

त्या रविवारनंतर आई गाडीजवळ बसायला लागली. मी कामावरून आले की पाट घेऊन मागच्या दाराशी जायची. शेंगा फोडायच्या, वाती वळायच्या, सगळं तिथंच. मी म्हटलं, "आई, चिखल आहे, पडवीत बस." ती म्हणाली, "असू दे. बरं वाटतंय इथं."

एका संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी मी चहा टाकला होता. खिडकीतून ती दिसत होती. लॉक वाजलं. आईनं हातातली शेंग खाली ठेवली, बोटं वाकवली आणि दाराच्या पत्र्यावर हळूच ठोकलं. मग कान देऊन बसली. थोड्या वेळानं आतून पुन्हा वाजलं आणि तिनं पुन्हा ठोकलं. चहा उतू गेला तरी मी तिथंच उभी. माझी आई रिकाम्या गाडीशी बोलत होती आणि ती गाडी तिला उत्तर देत होती.

शेजारच्या काकूंनीही ते पाहिलं असणार. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला फाटकाशी गाठलं. "जुनी गाडी हाय. आधी कुणाची व्हती, त्यात कोण गेलं, तुला काय ठाव? एकदा दाखवून घे कुणाला तरी." मी हो म्हटलं. दाखवायचं होतंच, पण मिस्त्रीला.

उमरग्यात हायवेच्या कडेला एका पत्र्याच्या शेडमध्ये ते काम करतात. गाड्यांच्या वायरिंगचं काम. मूळचे आळंदचे, घरात कानडी बोलतात, गिऱ्हाइकाशी मराठी. बोलके आणि उतावीळ. माझं निम्मं ऐकूनच ते म्हणाले, "ताई, मोटर गेली लॉकची," आणि मागच्या दाराची मोटर बदलून दिली. हॉर्नही मधेच कुईं करायचा, त्याचाही काहीतरी भाग बदलला. दोन दिवस कोरडे गेले, गाडी गप्प. आई सारखी बाहेर डोकावायची. तिसऱ्या दिवशी पाऊस आला आणि लॉक पुन्हा सुरू झालं. मी स्वयंपाकघरात होते. बाहेरून आईचा आवाज आला, "आलीस व्हय?" मला वाटलं मलाच विचारतेय. पण मी तर घरीच होते.

मी पुन्हा मिस्त्रीकडं गेले. या वेळी त्यांनी दाराचं आतलं कव्हर काढलं, तर आत सगळं कोरडं. ते डोकं खाजवत म्हणाले, "माझं चुकलं. मोटर चांगली व्हती तुमची. पाणी वरनं कुठनं तरी उतरतंय आन् वायरीवर पडतंय. ते कुठनं येतंय हे घावल्याबिगर मी काय बी बदललं तर फुकट. दोन माणसं लागतील. एकानं बाहेरनं पाणी वतायचं, मी आत पडून बघतो."

हे मी घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "म्या येते. म्या वतते पाणी."

तिला नेऊ नये असं मनात आलं होतं. पण गाडीत तिच्यापेक्षा मीच जास्त घाबरत होते, आणि सोबत कुणीतरी हवं होतं. ती पुढं, माझ्या शेजारी बसली. वाटेत लॉक दोनदा वाजलं. दोन्ही वेळा तिनं मागं वळून बघितलं आणि मी रस्त्याकडं.

शेडसमोर गाडी उभी केली. मिस्त्री पाय बाहेर टाकून आडवे झाले, मग अंग चोरून पूर्ण आत शिरले, डोकं स्टिअरिंगखाली, एका हातात मोबाईलची बॅटरी, दुसऱ्यात पाना. मी काचा वर केल्या, दार लावून घेतलं, म्हणजे बाहेरचं पाणी आत उडून घोटाळा व्हायला नको. आईच्या हातात प्लास्टिकचा मग, शेजारी बादली. तिनं आधी टपावर पाणी ओतलं. काही नाही. दारांच्या कडेनं ओतलं. काही नाही. मग समोरच्या काचेवर. पाणी काचेवरून उतरून खालच्या काळ्या जाळीत गेलं. तिनं आणखी एक मग ओतला, आणखी एक.

आत मिस्त्रींच्या कपाळावर पाण्याची धार पडली होती, हे आम्हाला नंतर कळलं. ते ओरडले, पण बंद काचांतून आम्हाला ऐकू आलं नाही. मग पाणी थांबवायला सांगावं म्हणून त्यांनी हातातल्या पान्यानं आतून ठोकलं. टक, टक. टक.

आईच्या हातातला मग गळून पडला. ती दाराला झोंबली. हँडल कसं ओढायचं हेही तिला सुचेना, ती नखांनी काचेची कड उकरायला लागली. "काढा! अगं काढा तिला बाहेर! हाय, हाय अजून, ठोकतीय!" तो आवाज माझ्या आईचा आहे हे मला पटेना. मी तिला बाजूला करून दार उघडलं. मिस्त्री घाबरून उठायला गेले आणि त्यांचं डोकं स्टिअरिंगवर आपटलं. ते बाहेर आले तशी आईनं त्यांना दोन्ही खांद्यांना धरलं. त्यांच्या केसांतून, गालांवरून, मानेवरून हात फिरवला, कुठं लागलंय का बघावं तसा. एवढा उंच, दाढी वाढलेला बाप्या, आणि ते तसेच वाकून उभे राहिले.

"अव्वा," ते कानडीत आईला म्हणतात तसं म्हणाले, "मी बरा हाय. काय झालं न्हाय मला."

मग तिला एका जुन्या टायरवर बसवलं. समोरच्या टपरीवरून चहा आला. तिनं कप हातात धरला, प्यायली नाही, आणि सांगायला लागली. मला नाही. माझ्याकडं ती बघतही नव्हती. ती त्यांना सांगत होती.

"घर पडलं तवा म्या दाराशी व्हते, मला सकाळी काढली. माझी पोर आतल्या खोलीत. माझ्या अंगाला काय न्हाय, आन् ती आत. सगळं दगूड आन् माती. मालक दुसऱ्यांसंगं उकरत व्हते, पर कुठनं उकरावं ते कळंना. मंग मला ऐकू आलं. ठोकत व्हती. तांब्यानं म्हणा, कशानं म्हणा. म्या एक दगूड घेतला आन् वरनं ठोकलं, म्हंजी तिला कळावं की आई हितं हाय. ती पुन्यांदा ठोकायची. लई वेळ चाललं आमचं. म्या ओरडून सांगत व्हते, हितं हाय, हितं उकरा. बाप्ये यायचे, कान लावायचे, आन् म्हणायचे, काय बी न्हाय. दुपार झाली आन् तिचं थांबलं. माझं न्हाय थांबलं. माझा हात धरून मला उठवलं तवर म्या ठोकतच व्हते."

"मंग?" मिस्त्रींनी विचारलं.

"दुसऱ्या दिवशी काढली. तिच्या बापानं बघितली. मला म्हणाला, झोपेतच गेलीय, अंथरुणावरनं हाललीच न्हाय. समदे तेच म्हणाले. तुझ्या मनाचं हाय म्हणाले. म्या पहिलं वरीसभर सांगत व्हते. मंग सोडून दिलं. ऐकतंय कोण? मलाच ऐकू आलं व्हतं. दुसऱ्या कुणालाच न्हाय."

मग पहिल्यांदा ती माझ्याकडं वळली. "तुला ऐकू आलं, गाडीतलं. तू व्हय म्हणालीस."

तीस वर्षांत तिच्या शेजारी उभं राहून 'मलाही ऐकू येतंय' म्हणणारी मी पहिली होते, आणि मी ते लॉकबद्दल म्हणाले होते.

मिस्त्रींनी त्यांच्या परीनं तिला बरं वाटावं म्हणून पुढचं केलं. त्यांनी तिला हाताला धरून गाडीपाशी आणलं, डॅशबोर्डखालचं कव्हर काढलं आणि आत बोट दाखवलं. तिथं वायरींचा जाडजूड गठ्ठा एका खाचेत, कनेक्टरमध्ये, बसवलेला होता आणि खाचेतले पितळी दात हिरवे पडले होते. त्यांनी बाटलीच्या टोपणात थोडं पाणी घेतलं आणि त्यावर थेंब थेंब सोडलं. क्षणभर काही नाही. मग मागच्या दाराचं लॉक वाजलं. टक्. थोड्या वेळानं पुन्हा, टक टक.

"हे बघा अव्वा. आत कोण न्हाय. पाणीच ठोकतंय. पाणी पडलं की ठोकतं, वाळलं की गप."

आई त्या हिरव्या दातांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "पाऊस व्हताच की त्या दिशी."

"कवा?"

"त्याच दिशी. सकाळधरनं. उकरताना समदा चिखल व्हत व्हता." ती थांबली. "दुपारी उघडला."

मिस्त्रींच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की त्यांना कळलंय. त्यांनी पुटपुटत "अय्यो शिवा" म्हटलं आणि टोपण फेकून दिलं.

बिघाड तसा साधा होता. काचेखालच्या जाळीत लिंबाचा पाला जाऊन बसला होता, कुजून खतासारखा झालेला, ओंजळी ओंजळी निघाला. पाणी जायची वाट त्यानं बुजवली होती. तुंबलेलं पाणी मग, वायरी जिथून गाडीत शिरतात तिथल्या चिरलेल्या रबरातून आत उतरत होतं आणि बरोबर त्या खाचेवर पडत होतं. त्यांनी पाला काढला, हवा मारली, रबर नवं बसवलं, भोवती सिलिकॉन लावलं, खाच कापून नवी जोडली. सीटं खोलून कार्पेट बाहेर काढलं. "हे घरी चांगलं आठ दिस वाळवा," म्हणाले, "आन् गाडी लिंबाखाली लावू नका." निघताना ते आईच्या पाया पडले. तिनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, जिथं स्टिअरिंगचं लागलं होतं तिथं, आणि विचारलं, "दुखतंय का?"

परतीच्या वाटेवर गाडी इतकी गप्प होती की मला तेही सहन होईना. कार्पेट नसल्यानं खालचा पत्रा घणघणत होता, पण दारं गप्प. लोहारा मागं पडल्यावर आई म्हणाली, "मंग ते पाणीच व्हतं का गं?"

वडील असते तर त्यांनी हो म्हटलं असतं. मलाही तेच म्हणायचं होतं. हो, पाणीच. मातीखाली कुठंतरी परात असेल, हंडा असेल, त्यावर थेंब पडत असतील. ती झोपेतच गेली, बाबा म्हणाले तसंच. तिला अंधारात कुणाला हाक मारावी लागली नाही, आणि तू पोहोचू शकली नाहीस असं काही नव्हतंच. पण मग तू सकाळपासून दुपारपर्यंत कुणाशी बोललीस? हेही त्याच वाक्यात येत होतं. ते तिला कळलं नसेल असं मला वाटलं नाही. म्हणून मी म्हणाले, "मला नाही माहीत, आई."

ती म्हणाली, "व्हय. तुला कसं ठाव असणार."

नंतरचे दिवस विचित्र गेले. कार्पेट अंगणातल्या भिंतीवर पसरलं होतं. गाडी मी रस्त्याच्या कडेला उघड्यावर लावायला लागले. पाऊस आला, गेला, गाडीतून हूं की चूं नाही. आई पाट घेऊन बाहेर गेली नाही. जेवायची, कामं करायची, टीव्हीसमोर बसायची, आणि मधेच तिचे ओठ हलायचे. मनातल्या मनात ती काहीतरी जुळवून बघत होती, पुन्हा मोडत होती. मला मिस्त्रींचा राग यायचा. मग वाटायचं, गाडी मीच आणली, नीट करायला मीच नेली. रात्री ती झोपलीय की नाही हे मी श्वासावरून ओळखायची, आणि बहुतेक वेळा ती जागी असायची.

लॅबमध्ये एक दिवस एक पोरगी आली, पाच-सहा वर्षांची, तापानं फणफणलेली. रक्त घेताना ती रडली नाही, नुसती टेबलाच्या पायावर चप्पल आपटत राहिली. सुई लॅबमधल्या दुसऱ्या मुलीच्या हाती देऊन मी बाहेर जाऊन उभी राहिले. तोपर्यंत माझी बहीण मला कधी दिसली नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा तिला वय आलं, पाय आले.

नवरात्र बसायच्या आदल्या दिवशी आम्ही घर धूत होतो. आई फरशीवर पाणी लोटता लोटता थांबली आणि एकदम म्हणाली, "पाणी नव्हतं ते."

मी खराटा खाली ठेवला.

"लई इचार केला म्या. पाणी असतं तर ते पडतच राहिलं असतं. म्या ठोकायची तवा ती थांबायची. म्या थांबले की मंग ठोकायची. ऐकून घ्यायची आधी. पाणी कुणाचं ऐकत न्हाय."

मी तिला विचारू शकले असते की आई, इतक्या वर्षांनी तुला ते इतकं नीट आठवतंय का? मिस्त्रींच्या थेंबांनंतरही लॉक थांबून थांबूनच वाजलं होतं, हेही सांगू शकले असते. मी त्यातलं काही केलं नाही. मी तिच्याजवळ ओल्या फरशीवर बसले. माझ्या बहिणीचा एकही फोटो नाही. कपडा नाही, खेळणं नाही, सगळं त्या मातीत गेलं. मी म्हटलं, "कसं ठोकायची? मला दाखव."

आईनं पदराला हात पुसला. बोटं वाकवली आणि फरशीवर ठोकलं. दोनदा लागोपाठ, मग थोडं थांबून एकदा, अगदी हळू.

"असं," ती म्हणाली. "शेवटचं जरा दमल्यावानी."